थ्रॉटलचे शून्य

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे आयडलिंग खालीवर होते, ॲक्सिलरेटर हलका दाबला की गाडी क्षणभर दम खाते आणि मग झटका मारून सुटते, कधी पायही न लावता रेस चढलेली राहते. अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजात आली की संशयाची सुई लवकरच थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडे वळते. सेन्सरच्या लांबट भोकांतले दोन स्क्रू सैल करून तो थोडा इकडे-तिकडे फिरवायचा, आयडलिंग स्थिरावल्यासारखे वाटले की स्क्रू आवळून गाडी परत द्यायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिला कोणी दुरुस्तीखेरीज दुसरे नाव देत नाही. या प्रकरणाचे म्हणणे असे की बहुतेक वेळा ही दुरुस्ती नसते. थ्रॉटलची झडप किती उघडी आहे एवढेच सेन्सर सांगतो. तो फिरवल्याने झडप हलत नाही, तिच्यावरचा कार्बन निघत नाही, गंजलेली अर्थिंगही सुधारत नाही. बदलते ते फक्त मोजणीचे शून्य. आणि शून्याला हात घालण्याचा अधिकार तेव्हाच येतो, जेव्हा झडप खरोखर तिच्या मूळ बंद जागी बसते आहे आणि सेन्सरपर्यंत जाणाऱ्या तिन्ही तारा निर्दोष आहेत, हे आधी मोजून पाहिलेले असते.

सेन्सरची घडण साधी आहे. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात जो भाग असतो तोच इथे आहे: कार्बनची वर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा स्पर्शक. पट्टीच्या एका टोकाला इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, ५ व्होल्टचा पुरवठा देतो, दुसरे टोक अर्थला जाते आणि स्पर्शकावरून तिसरी तार संगणकाकडे परत येते. झडपेचा दांडा फिरला की स्पर्शक पट्टीवर सरकतो आणि तिसऱ्या तारेवरचा व्होल्टेज बदलतो. झडप बंद असताना तो साधारण अर्धा व्होल्ट असतो आणि पूर्ण उघडल्यावर चार ते साडेचारच्या आसपास जातो. मोजणी शून्यापासून पाचपर्यंत सरळ का ठेवली नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही टोकांना मुद्दाम मोकळी जागा सोडलेली आहे. तार तुटली किंवा कुठे अर्थला चिकटली तर व्होल्टेज शून्याकडे किंवा पाचाकडे धावतो, आणि निरोगी सेन्सर त्या टोकांना कधीच जात नसल्यामुळे संगणक लगेच ओळखतो की हा झडपेचा कोन नसून वायरिंगचा बिघाड आहे. म्हणजे अर्धा व्होल्ट हा या मोजणीतला ‘बंद’ आहे, आणि तो कुठे धरायचा हे आखणाऱ्याने विचार करून ठरवलेले आहे.

हा सेन्सर आला कुठून, हे थोडक्यात पाहायला हवे, कारण फिरवण्याच्या सवयीचे मूळ तिथे सापडते. १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० मालिकेत बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली, तेव्हा थ्रॉटलवर संपर्क-पट्ट्यांचा एक स्विच होता. पाय सुटला आहे की नाही आणि झडप झपाट्याने उघडते आहे का, एवढेच तो सांगे. पुढे त्याची जागा सलग मोजणाऱ्या सेन्सरने घेतली. भारतात मात्र बहुतांश पेट्रोल गाड्या दीर्घकाळ कार्बोरेटरवरच चालल्या. १९९८ मध्ये सँट्रोसारखी गाडी कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे एमपीएफआय इंजिन घेऊन आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जून १९९९ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात युरो-१ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, १ एप्रिल २००० पासून तिथे युरो-२ आणि उर्वरित देशात युरो-१ च्या बरोबरीची मानके आली, आणि कार्बोरेटरचे दिवस सरत गेले. कार्बोरेटरवर आयडलचा स्क्रू आणि मिक्स्चरचा स्क्रू फिरवणे हाच खरा उपचार होता. त्या स्क्रूने इंधन आणि हवा प्रत्यक्ष बदलत असे. ज्या पिढीने कानाने आयडलिंग लावण्याचे कसब कमावले तिच्यापुढे अचानक एक असा भाग आला, ज्यावर स्क्रू होते पण ज्यातून ना हवा जात होती ना पेट्रोल. तो फिरवून पाहण्यात अडाणीपणा नव्हता, जुने ज्ञान नव्या जागी लावून पाहणे होते. चुकले ते एवढेच की नव्या जागेचे नियम वेगळे होते.

संगणक या एका व्होल्टेजवरून किती निर्णय घेतो ते समजले की शून्य सरकवण्याची किंमत लक्षात येते. पहिला निर्णय आयडलिंगचा. व्होल्टेज ‘बंद’ सांगत असेल तरच संगणक आयडल सांभाळण्याची जबाबदारी घेतो. थोडा जरी वर गेला तरी तो समजतो की चालकाचा पाय पेडलवर आहे. दुसरा निर्णय पिकअपचा. झडप एकदम उघडली की हवा आधी आत घुसते आणि इंधन मागे पडते. ती तूट भरण्यासाठी व्होल्टेज किती वेगाने चढतो आहे ते पाहून संगणक जादा पेट्रोल सोडतो. तिसरा निर्णय घाट उतरताना दिसतो. बोरघाटातून किंवा कसाऱ्यातून गिअरमध्ये पाय सोडून गाडी खाली येत असते, इंजिनचे फेरे साधारण दीड हजाराच्या वर असतात, तेव्हा अनेक गाड्यांत इंजेक्टर पूर्ण बंद ठेवले जातात. चाके इंजिनला फिरवत असतात आणि पेट्रोल लागत नाही. सेन्सरचे शून्य वर सरकलेले असेल तर संगणकाला पाय सुटलेला कळतच नाही आणि उतारावरही इंधन जळत राहते. शून्य खाली सरकलेले असेल तर उलट घडते: चालक हलका पाय ठेवून सपाटीवर जात असतो, संगणक झडप बंद समजून इंधन तोडतो, फेरे पडले की पुन्हा देतो, आणि गाडी धक्के खात चालते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हेसुद्धा याच मोजणीवर ठरते. पूर्ण रेस दिली की काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर क्षणभर सोडवला जातो, त्यामागेही हीच मोजणी असते. सगळ्यांत चकवणारा निर्णय गाडी सुरू होतानाचा आहे. स्टार्टर फिरत असताना पेडल तळापर्यंत दाबलेले असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे आणि चालकाला ते साफ करायचे आहे, असा अर्थ अनेक गाड्यांचे संगणक काढतात आणि इंजेक्टर बंद ठेवतात. सेन्सर चुकून ‘पूर्ण उघडा’ सांगत असेल तर स्टार्टर फिरतो, स्पार्क येतो, पेट्रोल पंप आवाज करतो, आणि गाडी सुरू होत नाही. अशा गाडीचा पंप आणि प्लग बदलून झाल्यावरही दोष तिथेच राहतो.

आता पुराव्याकडे येऊ. स्कॅनर लावल्यावर येणारे कोड हा पहिला पुरावा, पण तो वाचण्यात फार गल्लत होते. पी ०१२२ म्हणजे व्होल्टेज फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर, पी ०१२४ म्हणजे तो अधूनमधून तुटतो. हे तिन्ही विजेच्या मार्गाबद्दल बोलतात, आणि त्या मार्गात सेन्सरइतकाच कपलर आणि तारही येतात. पी ०१२१ ची जात वेगळी आहे. तिथे व्होल्टेज मर्यादेतच असतो, पण बाकीच्या साक्षींशी जुळत नाही. इंजिनचे फेरे आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे झडपेपलीकडच्या हवेच्या नळीतला, दाब पाहता झडप जेवढी उघडी असायला हवी तेवढी सेन्सर सांगत नाही, असे संगणकाचे म्हणणे असते. दोन साक्षी जुळत नसतील तर खोटी कोणती, हे त्यावरून ठरत नाही. मॅनिफोल्डची नळी सुटून बाहेरची हवा आत शिरत असेल किंवा दाब मोजणारा सेन्सरच बिघडला असेल, तरी नाव थ्रॉटल सेन्सरचे येऊ शकते. कोडमध्ये भागाचे नाव असते, दोषाचे नसते. मोबाइलला जोडायच्या स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरमुळे आणखी एक घोटाळा पसरला आहे. पाय सुटलेला असताना पडद्यावर थ्रॉटल १२ किंवा १५ टक्के दिसतो आणि लोक घाबरतात. तो आकडा बहुधा पाच व्होल्टांपैकी किती, एवढेच सांगत असतो. ०.६ व्होल्ट म्हणजे पाचाचे १२ टक्के, म्हणजे बंद झडपेचे अगदी योग्य वाचन. ते शून्यावर आणण्यासाठी सेन्सर फिरवणे म्हणजे चांगल्या गाडीला दोष लावून देणे.

माझ्या युक्तिवादाचा कणा मात्र साध्या गणितात आहे, आणि ते गणित कुणालाही कागदावर करून पाहता येईल. समजा सेन्सरच्या पट्टीचा एकूण रोध ५००० ओहम आहे. झडप बंद असताना स्पर्शक खालून दहा टक्क्यांवर, म्हणजे ५०० ओहमवर आहे, आणि पूर्ण उघडल्यावर ४५०० वर. सगळे ठीक असताना वाचन ०.५ आणि ४.५ व्होल्ट. आता अर्थच्या तारेत, कपलरच्या हिरवट गंजामुळे, ५०० ओहमचा जादा रोध आला असे धरू. एकूण रोध ५५०० झाला आणि स्पर्शकाच्या खालचा रोध ५०० ऐवजी १०००. बंद झडपेचे वाचन ०.५ वरून ०.९१ वर जाते. पूर्ण उघडल्यावर मात्र ते ४.५५ होते, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. तोच गंज अर्थऐवजी ५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या तारेत असेल तर बंद झडपेला ०.४५ मिळतात, ज्यात लक्षात येण्याजोगा फरक नाही, आणि पूर्ण उघडल्यावर ४.०९. अर्थचा दोष खालच्या टोकाला दिसतो, पुरवठ्याचा दोष वरच्या टोकाला. सेन्सर नुसता जागेवरून सरकलेला असेल तर दोन्ही टोके सारख्याच अंतराने, एकाच दिशेने सरकतात. तीन वेगळे दोष, तीन वेगळ्या खुणा. ज्याने फक्त बंद झडपेचा व्होल्टेज पाहिला त्याला पहिला आणि तिसरा दोष वेगळे करताच येणार नाहीत. दोन्हींत त्याला ०.९ दिसेल, आणि तो सेन्सर फिरवून ०.५ करेल. दोष अर्थचा असेल तर त्या फिरवण्याने बंद झडपेचे वाचन बरोबर दिसू लागेल आणि पूर्ण उघडल्यावरचे चुकेल. गाडी चढावर पूर्ण ताकद देईनाशी होईल, आणि ती तक्रार काही दिवसांनी आल्यावर तिचा संबंध या स्क्रूशी कुणी जोडणार नाही.

झडप साधारण ८०-९० अंश फिरते आणि तेवढ्यात व्होल्टेज चारने वाढतो, म्हणजे एका अंशाला सुमारे पाच शतांश व्होल्ट. वरच्या उदाहरणातली ०.४१ ची वाढ संगणकाला आठ-नऊ अंश उघडी झडप वाटेल. आयडलवर, जिथे एकेका अंशाने हवेचे प्रमाण बरेच बदलते, हा मोठाच फरक आहे. त्यामुळे मोजणीची सुरुवात अर्थपासून करावी. इग्निशन चालू, इंजिन बंद, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे सेन्सरच्या अर्थ-पिनला, कपलर जागेवर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून. तारेचे आवरण टोचू नये, कारण त्या छिद्रातून पाणी शिरते आणि आजची तपासणी उद्याचा गंज बनते. तिथे ०.१ व्होल्टहून कमी दिसायला हवे. त्यानंतर पुरवठ्याचे ५ व्होल्ट, आणि मगच मधली तार. चाचणीचा बल्ब या तारांना लावू नये. तो खेचतो तेवढा प्रवाह संगणकाला सोसेलच असे नाही. दोष पुढे, सामाईक अर्थच्या जोडापलीकडे असेल तर त्याची आणखी एक साक्ष मिळते: त्याच अर्थवर असलेला पाण्याच्या तापमानाचा सेन्सरही इंजिन आहे त्यापेक्षा थंड असल्याचे सांगू लागतो. एकाच वेळी दोन सेन्सर खोटे बोलू लागले तर दोघेही बिघडले असे मानण्यापेक्षा त्यांची समान वाट तपासणे शहाणपणाचे. कोकणच्या खाऱ्या हवेत वावरणाऱ्या आणि इंजिनावर प्रेशरचे पाणी मारून धुतलेल्या गाड्यांत ही वाट आधी पाहावी.

सेन्सर स्वतः बिघडतच नाही, असे मात्र नाही. स्पर्शक वर्षानुवर्षे त्याच थोड्या जागेत, आयडल आणि हलक्या पायाच्या मध्ये, मागेपुढे घासत राहतो आणि तिथली कार्बनची पट्टी झिजते. मग जुन्या रेडिओचे बटण फिरवताना जसा एका ठिकाणी खरखराट होई तसे इथे होते: झडप त्या बिंदूवरून जाताना व्होल्टेज काही मिलीसेकंद तुटतो. संगणकाला ते पाय सोडून पुन्हा दाबल्यासारखे वाटते आणि गाडी झटका मारते. ही तूट साध्या डिजिटल मीटरवर बहुधा दिसत नाही. तो मीटर सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतो, आणि मधली तूट सरासरीत विरून जाते. काट्याचा जुना मीटर इथे जास्त प्रामाणिक ठरतो. झडप अगदी सावकाश उघडत नेली तर काटा सलग चढायला हवा, मध्ये थरथरला किंवा मागे आला की पट्टी संपली. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटतो. सेन्सर काढून नुसता रोध मोजणे कमी भरवशाचे, कारण इंजिनची उष्णता आणि कंप तिथे नसतात. अशा झिजलेल्या सेन्सरला बदलण्यावाचून उपाय नाही, आणि गंमत अशी की फिरवण्याने इथे खरोखर काही दिवस बरे वाटते: स्पर्शक पट्टीच्या न झिजलेल्या जागी जातो. हा फायदा तात्पुरता आहे, आणि त्यासाठी शून्य मोडलेले असते.

विजेची बाजू निर्दोष निघाली की झडपेकडे वळावे. क्रँककेसमधून येणारी तेलकट वाफ झडपेच्या कडेला आणि नळीच्या भिंतीवर काळा थर धरते. बंद झडपेभोवतून जाणारी थोडी हवा त्या थराने अडते, आयडलिंग पडू लागते. संगणक झडपेला वळसा घालणाऱ्या बगलेच्या वाटेने जास्त हवा सोडून ते सावरतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मग कुणीतरी झडप बंद होताना जिथे टेकते त्या टेकणीचा स्क्रू थोडा आत फिरवून झडप किंचित उघडी ठेवतो. त्या स्क्रूवर कारखान्यात रंगाचा ठिपका किंवा टोपी बसवलेली असते, ती यासाठीच की त्याला हात लागला तर कळावे. झडप उघडी राहिल्याने सेन्सरचा व्होल्टेज ०.५ वरून ०.७ झाला, संगणकाला पाय पेडलवर वाटू लागला, आयडलवरचा त्याचा ताबा सुटला. ते सुधारायला दुसरा कुणी सेन्सर फिरवून पुन्हा ०.५ करतो. आता मीटरवरचा आकडा अगदी पुस्तकी आहे आणि तरीही गाडीतली प्रत्येक गोष्ट चुकीच्या जागी आहे. पुढे कुणी तरी थर साफ करतो, उघड्या राहिलेल्या झडपेतून भरपूर हवा जाते, आयडलिंग दीड हजारावर चढते, आणि संशय पुन्हा सेन्सरवर. हीच साखळी ताणलेल्या ॲक्सिलरेटर केबलनेही सुरू होते. केबलला थोडी ढील नसेल तर झडप टेकणीपर्यंत पोहोचतच नाही. उलट टोकाला पेडलखाली सरकलेली जाड मॅट पूर्ण रेस मिळू देत नाही, आणि सेन्सर वरचा व्होल्टेज दाखवत नाही म्हणून दोषी ठरतो. त्याने खरे सांगितलेले असते.

सेन्सर नवा बसवला किंवा थ्रॉटल बॉडी उघडली, झडप साफ आहे, टेकणीचा स्क्रू मूळ जागी आहे, केबल ढिली आहे, तारा निर्दोष आहेत, तर आणि तरच फिरवून शून्य लावण्याचे काम उरते, आणि मग ते नीट करावे. स्क्रू पूर्ण काढू नयेत, सेन्सर हाताने जेमतेम हलेल इतकेच सैल करावेत. इग्निशन चालू ठेवून मधल्या तारेचा व्होल्टेज पाहत त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आणावा, आवळावे, आणि आवळल्यावर पुन्हा पाहावे, कारण आवळताना सेन्सर हमखास थोडा सरकतो. झडप दोन-चारदा पूर्ण उघडून सोडावी आणि दर वेळी तोच आकडा परत येतो का ते पाहावे. येत नसेल तर दांडा किंवा स्प्रिंग अडखळते आहे. टोयोटाच्या जुन्या चार पिनांच्या सेन्सरमध्ये सलग मोजणीबरोबर आयडलचा वेगळा संपर्क असे, आणि तो लावायची रीत मला सर्वांत समंजस वाटते. टेकणी आणि झडपेच्या दांड्यावरची तरफ यांच्यामध्ये ठराविक जाडीची फीलर गेजची पट्टी घालायची. पातळ पट्टीला संपर्क जुळलेला असावा आणि जाड पट्टीला तुटलेला. जाडीतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो. या रीतीत मोजणीचे शून्य थेट धातूच्या टेकणीवरून घेतले जाते. टेकणी बरोबर नसेल तर हे काम पुढे सरकतच नाही, आणि तेच हवे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: प्रत्येक गाडीची पुस्तिका गॅरेजात नसते, मग आकडा कोणता धरायचा? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध समजुतीतून मिळते. १९८६ ते १९९३ च्या फोर्ड मस्टँगचे ५ लिटरचे इंजिन हौशी लोकांचे लाडके होते, आणि त्यांच्यात एक नियम पिढीजात झाला की थ्रॉटल सेन्सर बरोबर ०.९९ व्होल्टला लावला तर गाडी जास्त जोरकस पळते. लोकांनी सेन्सरची भोके कानसून मोठी केली, तासन्‌तास तो शतांश गाठण्यात घालवले. वस्तुस्थिती अशी की त्या गाडीचा संगणक, ईईसी-४, ठराविक आकड्याची वाट पाहतच नव्हता. त्याला दिसलेला सर्वांत खालचा व्होल्टेज तो बंद झडप म्हणून धरी आणि पुढचे सगळे तिथून मोजी. योग्य पट्ट्यात असलेला कुठलाही आकडा त्याला चालत होता. यातून पुस्तिका नसलेल्याला दिलासा मिळतो. असे स्वतः शिकणारे संगणक बऱ्याच गाड्यांत आहेत, आणि त्यांना एखादा शतांश इकडे-तिकडे झाल्याने फरक पडत नाही. त्यांना फरक पडतो तो शून्य दर वेळी त्याच जागी परत येण्याने, दोन टोकांमधली चढण सलग असण्याने आणि वरचे टोक पुरेसे वर जाण्याने. या तिन्ही गोष्टी पुस्तिकेशिवाय तपासता येतात. मात्र आयडल-संपर्काच्या किंवा ठराविक आकडा मागणाऱ्या गाड्यांना ही सूट नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. फिरवल्याने गाड्या खरोखर सुधारतात, गिऱ्हाईक समाधानाने जाते, मग एवढा खटाटोप कशाला? गाड्या सुधारतात हे मान्यच करायला हवे. शून्य सरकवल्याने आयडलवरची एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते, आणि आयडलिंग हीच तर तक्रार होती. पण मूळ कारण, कार्बन किंवा गंज, वाढतच राहते, म्हणून तक्रार परत येते. आणि मधल्या काळात उतारावर जळणारे पेट्रोल, उशिरा पडणारा गिअर, चढावरचा कमी दम या गोष्टी हिशेबात धरल्या जात नाहीत. तिसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा: सेन्सर बदलूनच टाका, वेळ वाचेल. पट्टी झिजली असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण अर्थच्या गंजावर नवा सेन्सर तेच ०.९१ दाखवील, आणि अनेक गाड्यांत तो सुटा मिळत नसल्याने पूर्ण थ्रॉटल बॉडी विकत घ्यावी लागते. दहा मिनिटांची मोजणी त्या खर्चाच्या मानाने काहीच नाही.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे आता जुने झाले. नव्या गाड्यांत केबलच नाही, पेडलखालून विजेचा संदेश जातो, मोटर झडप फिरवते आणि सेन्सर बंद डब्यात असतो, बहुधा न घासणारा, चुंबकीय. स्क्रू नाहीत, म्हणजे फिरवण्याचा प्रश्नच मिटला. स्क्रू गेले हे खरे, शून्य मात्र तिथेच आहे. या झडपेची विश्रांतीची जागा पूर्ण बंद नसते. वीज गेली तरी गाडी रांगत कडेला नेता यावी म्हणून स्प्रिंग तिला किंचित उघडी ठेवते. खालची टेकणी कुठे आहे हे संगणक स्वतः मोटरने झडप दाबून शोधतो आणि तो व्होल्टेज लक्षात ठेवतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग चढलेले दिसते, ते अनेकदा यामुळे की संगणक थर धरलेल्या नळीच्या हिशेबाने झडप उघडत असतो आणि नळी आता मोकळी असते. त्यासाठी त्याला पुन्हा शिकवावे लागते. काही गाड्यांत इग्निशन चालू करून पेडलला पाय न लावता थांबणे पुरते, काहींत स्कॅनरवरूनच आज्ञा द्यावी लागते. पण थर तसाच ठेवून नुसते शिकवणे म्हणजे स्क्रू फिरवण्याचेच नवे रूप: संगणक घाणीलाच शून्य मानतो. साफ करताना इग्निशन बंद असावे आणि झडप बोटांनी ढकलू नये. मोटर अचानक फिरली तर बोट सापडते, आणि जोर लावला तर आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. या गाड्यांत सेन्सर एक नसून दोन असतात, अनेक रचनांत एकाचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो, आणि संगणक दोन्हींचा मेळ सतत तपासतो. मेळ तुटला की पी २१३५ येतो, मोटरची वीज तोडली जाते आणि गाडी रांगू लागते. तिथेही थ्रॉटल बॉडीची किंमत विचारण्याआधी कपलर काढून पिना पाहाव्यात, दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी लिहून घ्यावेत. एक जागच्या जागी आणि दुसराच ढळलेला असेल तर त्या एका तारेचा माग घ्यावा. दोन्ही एकदम ढळले असतील तर त्यांचा समान पुरवठा आणि समान अर्थ तपासावी.